फेटाळे गाडी बघतात

त्यांचं खरं आडनाव आता दोनच ठिकाणी उरलं होतं, पगाराच्या चिठ्ठीवर आणि घराच्या दारावर. बाकी लिफ्ट कंपनीत, गॅरेजवाल्यांत आणि जुन्या गाड्या विकणाऱ्यांत सगळे त्यांना फेटाळेच म्हणायचे. हे नाव त्यांनी घाम गाळून मिळवलं होतं. अकरा वर्षांत त्यांनी एकशे सात जुन्या स्पोर्ट्स बाइक बघितल्या होत्या आणि एकशे सातच्या एकशे सात फेटाळल्या होत्या. ते लांबून येताना दिसले की दुकानदार शटर अर्धं खाली ओढतात, असं त्यांचा कामावरचा जोडीदार सांगायचा. जोडीदाराला तिखटमीठ लावायची सवय होती, पण शटर थोडंफार हलत असणार.

मुळात त्यांना गाडी हवी होती आणि अगदी मनापासून हवी होती, हे आधी सांगितलं पाहिजे. नाहीतर हा माणूस रविवार घालवायला फिरत होता असं वाटेल. बाविसाव्या वर्षी, नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात, एका नव्या इमारतीच्या गच्चीवरच्या मशीनरूममध्ये ग्रीस लावताना त्यांनी खिडकीतून खाली बघितलं. रस्त्याच्या वळणावर एक लाल स्पोर्ट्स बाइक इतकी आडवी झाली की आता पडतेच असं वाटलं. ती पडली नाही. सरळ झाली आणि निघून गेली, आणि तिचा आवाज वर पोचला तो नंतर. त्या दिवशी फेटाळ्यांनी ग्रीस भलत्याच ठिकाणी फासलं आणि मिस्त्रीच्या शिव्या खाल्ल्या. पुढे लग्न, घराचे हप्ते, मुलीचं शिक्षण असं करता करता बत्तीस वर्षं गेली. आता मुलगी दुसऱ्या शहरात नोकरीला होती, हप्ते फिटले होते, नवी नाही तरी जुनी गाडी घेता येईल इतके पैसे बाजूला पडले होते.

अडचण मानेची होती. हाडांच्या डॉक्टरने मानेचा फोटो उजेडात धरून सांगितलं होतं, "ह्या गाड्यांवर पुढे वाकून बसतात ना? मग काय वाकायचंय ते येत्या दोन-तीन वर्षांत वाकून घ्या. नंतर आरामखुर्ची बघा." ह्या गोष्टीला दीड वर्ष झालं होतं. फेटाळे रोज सकाळी मान डावी-उजवीकडे वळवून बघायचे आणि किती शिल्लक आहे त्याचा अंदाज घ्यायचे.

मग घेत का नव्हते? कारण ते एकतीस-बत्तीस वर्षं लिफ्ट तपासत होते. लिफ्ट तपासली की तक्ता भरायचा आणि खाली सही करायची. तक्त्यात दोनच रकाने असतात, 'ठीक' आणि 'बंद'. 'चालेल' असा तिसरा रकाना नसतो. बाकीचं जग त्या तिसऱ्या रकान्यावर चाललेलं असतं, पण फेटाळ्यांच्या डोक्यात तो कधी छापलाच गेला नाही. गाडीसाठीही त्यांनी अडतीस प्रश्नांचा तक्ता बनवला होता. त्यातले अर्धे प्रश्न खर्चाचे: मागचा टायर किती किलोमीटरला जातो, चेन-स्प्रॉकेट केवढ्याला पडतं, सोळा व्हॉल्व्हची सेटिंग करायला गॅरेजवाला किती दिवस गाडी अडकवून ठेवतो. उरलेले अर्धे भरवशाचे. फेटाळ्यांचं म्हणणं असं की खर्च माणूस सोसतो, जिभेला लगाम घालून सोसतो. पण कधी बंद पडेल ह्याचा नेम नसलेली गाडी माणसाला आतून पोखरते. आणि गंमत म्हणजे खर्च बघायला जावं तर भरवसा संशयास्पद निघायचा, आणि भरवसा बरा वाटला तर खर्च डोळे पांढरे करायचा.

अशा रीतीने एक गाडी त्यांनी आरसा नवा होता म्हणून फेटाळली. जुन्या गाडीला नवा आरसा म्हणजे ती पडलेली आहे. एक गाडी दोन्ही आरसे जुने होते म्हणून फेटाळली, कारण मालक जपणारा नाही. एक तर फारच स्वच्छ होती. "एवढी पुसलीय म्हणजे पुसण्यासारखं काहीतरी होतं," असं म्हणून ते निघाले, आणि पुसणारा फडकं हातात घेऊन बघत राहिला.

त्यांच्या बायकोचं घराच्या पुढच्या खोलीतच कपडे आल्टर करून द्यायचं छोटं दुकान होतं. ती बारा वर्षं एकच स्कूटर चालवत होती. तिला ती तेलपाणी दाखवायची, बाकी काही नाही, आणि ती स्कूटर कधी बंद पडली नव्हती, कारण तिची तशी हिंमतच नव्हती. फेटाळे रविवारी तक्ता घेऊन निघाले की बायको शिवणयंत्रावरून मान वर न करता विचारायची, "आज कोणाचं नशीब फुटलं?"

"बघून येतो नुसती."

"नुसतीच बघाल. मला तुमची काळजीच नाही. घ्यायची वेळ आली तर सांगा, तेव्हा भांडेन. आत्तापासून कशाला घसा दुखवू?"

एकशे आठवी गाडी दातांच्या डॉक्टरीणबाईंची होती. सहाशे सीसी, चार सिलिंडर, नऊ वर्षं जुनी, निळी. डॉक्टरीणबाई पस्तिशीच्या, बोलायला मोकळ्या. दवाखान्याच्या मागे पत्र्याची शेड होती, तिच्यात गाडी उभी होती. बाईंनी किल्ली फेटाळ्यांच्या हातावर ठेवली. "काका, खोटं सांगत नाही. गाडीवर जीव आहे माझा, पण महिन्यातून दोनदा दगा देते. परवा भर चौकात बंद पडली आणि माझ्याच पेशंटने ढकलली. तोंड दाखवायला जागा राहिली नाही. गॅरेजवाला दरवेळी नवा पार्ट सांगतो. वैतागून विकतेय. तुम्ही बघा निवांत, माझे पेशंट बसलेत." आणि त्या आत गेल्या.

इथेच घोटाळा झाला. अकरा वर्षांत असं कधी घडलं नव्हतं. दुकानदार नेहमी शेजारी उभे राहून "हात नका लावू, साहेब" म्हणायचे. इथे शेड होती, गाडी होती, किल्ली होती, पिशवीत हत्यारं होती, आणि अडवायला कोणी नव्हतं. शिवाय फेटाळ्यांच्या पहिल्या मिस्त्रीने त्यांना एक गोष्ट मारून-मुटकून शिकवली होती: सापडलेला बिघाड तसाच ठेवून जागेवरून उठायचं नाही. लिफ्टच्या धंद्यात हे बरोबरच आहे. तुम्ही जेवायला गेलात आणि तेवढ्यात कोणी आत शिरलं तर? पण ही शिकवण दुसऱ्याच्या मालकीच्या मोटरसायकलला लागू करायची नसते, हे सांगायचं मिस्त्रीच्या डोक्यात आलं नव्हतं.

पहिल्या रविवारी फेटाळ्यांना बॅटरीची तार सैल सापडली. आवळली. चार्जिंगचा एक प्लग जळून काळा पडला होता, तो कापून नवा जोडला. गाडी सुरू झाली तसा इंजिनमधल्या टायमिंग चेनचा खडखडाट इतका मोठा होता की इंजिनचं दुसरं काही ऐकूच येईना. आता इंजिन ऐकायचं तर चेन गप्प व्हायला हवी. म्हणजे पुढचा रविवार. चेन गप्प झाली तेव्हा डावीकडून एक बारीक टिकटिक ऐकू आली. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनवर आणि मूठ कानाला लावून फेटाळे अर्धा तास उकिडवे बसले. ती टिकटिक मिटवली तेव्हा पाण्याच्या नळीतून हलकी फुसफुस कळली. एक आवाज बंद झाल्याशिवाय दुसरा ऐकू येत नाही आणि सगळे आवाज ऐकल्याशिवाय तक्ता भरता येत नाही. फेटाळ्यांच्या मते ही अजूनही तपासणीच चालू होती.

पार्टचे पैसे डॉक्टरीणबाई देत होत्या. "काका, इतकं प्रामाणिक गिऱ्हाईक मी बघितलं नाही," असं म्हणून त्या चहा पाठवायच्या. आत खुर्चीवर दाढ कोरली जात असे आणि मागे शेडमध्ये इंजिन घुमत असे. पेशंटना वाटायचं की हा आवाज कसल्यातरी नव्या मशीनचा आहे आणि आता आपला नंबर आहे. दोनजण उठून घरी गेले म्हणतात.

चौथ्या रविवारनंतर सोमवारी, एका हॉस्पिटलच्या लिफ्टच्या खड्ड्यात उभं राहून जोडीदाराने हिशेब विचारला. जोडीदार त्यांच्यापेक्षा आठ वर्षांनी लहान आणि तोंडाने दुप्पट मोठा.

"दादा, काल काय केलंत?"

"पुढच्या शॉकअपची सील बदलली. तेल गळत होतं."

"इसार दिला?"

"अजून तपासणी पुरी कुठे झालीय?"

जोडीदाराने पान्हा खाली ठेवला. "दादा, एक विचारू? तुम्ही गाडी विकत घेताय की दत्तक?"

"तुला कळायचं नाही ते. खर्च आधीच उरकून घेतोय. उद्या माझ्याकडे आली की मला एक पैचा त्रास नको."

"तुमच्याकडे आली की," जोडीदार म्हणाला आणि पुन्हा पान्हा उचलला. फेटाळ्यांनी त्याच्याकडे दुर्लक्ष केलं. ते खुशीत होते. रात्री झोपेत त्यांचा उजवा हात ॲक्सिलरेटर पिळतो अशी बायकोची तक्रार होती.

सातव्या रविवारी तो क्षण आला. गाडी सुरू केली आणि इंजिन असं एकसुरात गुणगुणलं की फेटाळ्यांच्या अंगावर काटा आला. त्यांनी कान लावला, हात लावला, वास घेतला. काही नाही. अडतीसच्या अडतीस रकान्यांत 'ठीक'. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी तक्त्याखाली सही केली, आणि त्यांचं त्यांनाच भरून आलं. खिशात इसाराचं पाकीट होतं. ते घेऊन ते दवाखान्यात शिरले.

"काका, आधी खुर्चीत बसा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सात आठवडे बघतेय, तुम्ही बिस्किट एकाच बाजूने चावता. उजवी दाढ दाखवा."

आता इथे फेटाळ्यांची बाजू लंगडी होती. दुसऱ्याच्या गाडीत सुतभर फट सहन न करणाऱ्या ह्या माणसाच्या दाढेत चार वर्षं खड्डा होता. दाढ ठणकली की लवंग धरायची आणि पुढच्या महिन्यात बघू म्हणायचं. थोडक्यात, दाढेला त्यांनी तो न छापलेला तिसरा रकाना दिला होता. ते मुकाट्याने खुर्चीत पडले. बाईंनी इंजेक्शन दिलं, गाल बधिर झाला. मग तोंडात कापसाचे दोन बोळे, एक नळी आणि एक आरसा गेला.

"काका, एक सांगायचंय. रागावू नका."

फेटाळे रागावण्याच्या अवस्थेत नव्हते.

"मी गाडी विकत नाहीये."

"आँ?"

"अजून थोडा मोठा करा. हं. बुधवारी सहज काढली, तलावापर्यंत गेले. कुठे म्हणजे कुठे अडली नाही. गुरुवारी परत गेले. काल दोनशे किलोमीटर झाले, काका. मी विकत कशासाठी होते? दगा द्यायची आणि पैसे खायची म्हणून. आता दगा देत नाही आणि खाण्यासारखं काही उरलेलं नाही. मग विकू कशाला, तुम्हीच सांगा."

"आँ आँ आँ आँ," फेटाळ्यांनी सांगितलं.

"दुखतंय का?"

फेटाळ्यांनी मान हलवली. दुखत होतं. दाढ सोडून सगळं दुखत होतं. डोळ्यांच्या कडेने पाणी आलं ते बाईंनी कापसाने टिपलं आणि इंजेक्शन कमी पडलं असं समजून आणखी एक दिलं.

दाढ भरून झाल्यावर बाईंनी मजुरीचे पैसे पुढे केले. त्यांना खरंच लाज वाटत होती, डोळे वर उचलत नव्हत्या. फेटाळ्यांनी पैसे घेतले नाहीत. भांडावं असं फार वाटलं, पण भांडायला मुद्दा सापडेना. अशी ठणठणीत गाडी कोणी विकायला काढली असती तर संशय येऊन त्यांनी स्वतःच ती फेटाळली असती. त्यांनी वाकड्या तोंडाने कसंबसं सांगितलं, "चेनला... दर पाचशे किलोमीटरला... तेल," आणि ते निघाले. दाढेचे पैसे बाईंनी घेतले नाहीत.

घरी आल्यावर चहा प्यायला बसले तर अर्धा चहा शर्टावर. बायको आधी हसली. मग तिने नवऱ्याचं तोंड नीट बघितलं आणि शिवणयंत्र थांबवलं. "काय झालं हो?"

त्यांनी सांगितलं. बधिर गालामुळे वेळ लागला. बायको ऐकता ऐकता उठून उभी राहिली.

"सात रविवार! सात रविवार माझ्या नवऱ्याने राबायचं, आणि बाई तलावावर हिंडणार? मी जाऊन येते."

"अगं, जाऊ नकोस. तिचं चुकलेलं नाही."

"तुमचं चुकलंय, ते मला माहितीये. तरी जाते."

"तुला तर गाडी नकोच होती."

"नकोच होती! पण ती मी नको म्हणत होते. दुसरीने तुम्हाला नाही म्हणावं, हे मी चालवून घेणार नाही." एवढं बोलून ती खाली बसली, कारण त्यांनी तिचा हात धरला होता आणि ते तो सोडत नव्हते. तिने विचारलं, "इतकी हवी होती?"

"मान जाईल गं," फेटाळे म्हणाले. "एक वर्ष उरलंय. फार तर दीड. आणि पुन्हा कुठली पास व्हायची? पहिलीलाच अकरा वर्षं लागली."

 बायकोने शिवणयंत्राशेजारचा आल्टरेशनला आलेल्या कपड्यांचा ढीग दाखवला. "हे बघा. ही पॅंट कमरेत सैल आहे. हा कोट खांद्यात ओढतो. सगळे बसत नाहीत म्हणूनच माझ्याकडे आलेत. पण आधी विकत घेतात आणि मग आणतात. दुकानाच्या आरशासमोर उभं राहून कोणी उसवत बसत नाही. मी इतकी वर्षं तुम्हाला शहाणं समजत होते."

फेटाळे त्या ढिगाकडे बघत राहिले. त्यांच्या लक्षात आलं की अकरा वर्षं ते अशी गाडी शोधत होते जिला त्यांची गरजच नसेल. ही गोष्ट त्यांना कोणी सांगितली नव्हती, आणि सांगितली असती तरी त्यांनी ती फेटाळली असती.

पुढच्या शनिवारी जोडीदाराने एक गाडी शोधून काढली. मालक बेकरीवाला. त्याचा भाचा परदेशी गेला होता आणि त्याची सहाशे सीसी दीड वर्ष बेकरीच्या मागच्या खोलीत मैद्याच्या पोत्यांमागे उभी होती. जोडीदार अटी घालूनच सोबत आला. "तक्ता घरी. हत्यारं घरी. आणि दोन्ही हात खिशात. बाहेर आलेले दिसले तर मी घरी जाईन, आणि वहिनींना सांगेन."

बेकरीवाल्याने पोती सरकवली. गाडी लाल असावी. मैद्याने ती पांढरी झाली होती, इंजिनच्या पात्यापात्यांत मैदा, आणि सीटवर मांजर झोपलेलं. फेटाळ्यांना पहिल्या दोन मिनिटांत नऊ बिघाड दिसले. टायर चिरलेले. ब्रेकचं तेल कॉफीच्या रंगाचं. चेन गंजून एकसंध कांब झालेली. दीड वर्ष जुनं पेट्रोल टाकीत, म्हणजे फिल्टरचा चिखल झालेला. आणि एक आरसा नवा.

"कशी वाटते?" बेकरीवाल्याने विचारलं.

फेटाळ्यांचे हात खिशात आतल्या आत वळवळले. कपाळावर घाम आला. समोर क्लचची तार एका धाग्यावर लोंबत होती, दहा मिनिटांचं काम, आणि त्यांना बघवेना. त्यांनी ओठ घट्ट मिटले आणि छताकडे बघितलं.

बेकरीवाला घाबरला. त्याच्या उभ्या आयुष्यात गिऱ्हाईक असं गप्प बसलेलं त्याने पाहिलं नव्हतं. "थोडी धूळ आहे," तो म्हणाला. "किमतीचं बघू की." त्याने एक आकडा सांगितला. फेटाळे गप्प. त्याने आकडा उतरवला. फेटाळ्यांची नजर चुकून चेनवर गेली आणि त्यांच्या तोंडून एक कण्हल्यासारखा आवाज निघाला. बेकरीवाल्याने आणखी उतरवला आणि वर दोन ब्रेड द्यायचं कबूल केलं. अकरा वर्षं तोंड वाजवून जे जमलं नव्हतं ते पाच मिनिटांच्या मुकेपणाने जमलं.

"घेतली," फेटाळे म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू आला नाही. जोडीदाराने घाईघाईने कागदांवर सह्या घेतल्या, पैसे मोजून दिले, आणि शेवटची सही होताच म्हणाला, "दादा, आता काढा हात." फेटाळ्यांनी बेकरीवाल्याच्या पक्कडीने क्लचची तार तिथल्या तिथे बांधली. चेनला बेकरीतलंच तेल पाजलं. टायरमध्ये हवा भरली. जोडीदाराच्या गाडीची बॅटरी जोडून किल्ली फिरवली तेव्हा इंजिन खोकलं, मैद्याचा एक ढग सोडला आणि सुरू झालं. मांजर दारापर्यंत जाऊन मागे बघत थांबलं.

ते पहिल्यांदा पुढे वाकून हँडलवर हात ठेवून बसले तेव्हा मानेतून कळ गेली. जाऊ दे, ते म्हणाले. हळूहळू, सायकलवाल्यांच्या मागून, बेकरीच्या गल्लीतून ते बाहेर पडले. जोडीदार मागून येत होता, पण वाटेत फोन आला की एका इमारतीत लिफ्टमध्ये दोघंजण अडकलेत, आणि तो वळून गेला. फेटाळ्यांचा अंदाज होता की त्या चिखल झालेल्या फिल्टरवर गाडी तिसऱ्या सिग्नलपर्यंत जाईल. ती पाचव्यापर्यंत गेली. मधे एक वळण आलं, मोठं, डावीकडचं. फेटाळे त्या वळणावर फार नाही, बोटभर आडवे झाले, आणि हेल्मेटच्या आत मोठ्याने ओरडले. शेजारून जाणाऱ्या भाजीच्या टेंपोवाल्याने वेग कमी करून त्यांना वाट दिली.

शाळेच्या कुंपणाशी इंजिनने दोन गचके खाल्ले आणि गप्प झालं. फेटाळ्यांनी गाडी कडेला घेतली. टाकी काढल्याशिवाय इलाज नव्हता, आणि हत्यारं जोडीदाराच्या अटीप्रमाणे घरी होती. ते फूटपाथवर बसले आणि गाडीकडे बघत राहिले. आजवर जगातला प्रत्येक बिघाड त्यांनी दुसऱ्या कोणासाठी शोधला होता. हा त्यांचा होता. नऊचे नऊ त्यांचे. त्यांनी घरी फोन लावला.

"बंद पडली?" बायकोने पहिला शब्द हाच काढला.

"हो!" फेटाळे म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात इतका आनंद होता की बायकोने दोन क्षण फोन कानापासून लांब धरला.

ती स्कूटरवरून दहा मिनिटांत आली. स्कूटर शाळेच्या कुंपणाला लावून कुलूप घातलं आणि गाडीभोवती एक चक्कर मारली. मैदा, गंज, चिरलेले टायर, हँडलला अडकवलेले दोन ब्रेड. फेटाळे बोलणी खायच्या तयारीने उभे राहिले. अकरा वर्षं राखून ठेवलेलं भांडण आता निघणार होतं.

"घर किती लांब आहे इथून?" तिने विचारलं.

"पाऊण किलोमीटर. थोडा चढ आहे. तू मागून हात लाव, मी हँडल धरून—"

"मी ढकलणार नाही. मी चांगले कपडे घातलेत." तिने ओढणी कमरेला खोचली, पाय टाकून गाडीवर बसली, आणि पुढे हँडलला हात पुरेनात म्हणून वाकली. वाकून तिने समोरच्या काचेतून रस्ता बघितला. थोडा वेळ ती तशीच राहिली. "ब्रेक कुठला?"

"उजव्या हाताशी. आणि खाली पाय."

"हं. लावा जोर."

चोपन्न वर्षांचे फेटाळे मागे उभे राहिले, दोन्ही तळवे सीटच्या शेपटीवर टेकले आणि ढकलायला लागले. गाडी हलली. चढावर त्यांना धाप लागली, मान ठणकली, शर्ट पाठीला चिकटला. चढ संपला आणि पुढे उतार लागला तशी गाडी त्यांच्या हातातून हलकी होत गेली. ते मागून पळू लागले.

"अहो," पुढून बायकोचा आवाज आला, "जरा जोरात की!"